वेर्नर फोर्समान : हृदयापर्यंत पोहोचलेली नळी

फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला असेल (पल्मनरी हायपरटेन्शन), तर उपचार सुरू झाल्यावरही डॉक्टर कधीकधी ‘राइट हार्ट कॅथेटर’ तपासणी पुन्हा करायला सांगतात. इको झालेली असताना ही नळी कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडत असेल. ही तपासणी ज्यांच्यापासून सुरू झाली, त्या डॉक्टरांची ही ओळख.

वेर्नर फोर्समान यांचा जन्म १९०४ मध्ये बर्लिनला झाला. हृदयाला नळी लागली तर माणूस दगावेल, अशी भीती त्या काळी होती. वरिष्ठांची परवानगी नसतानाही १९२९ मध्ये, एबर्सवाल्डे येथील रुग्णालयात काम करताना, त्यांनी स्वतःच्या कोपराजवळच्या शिरेतून बारीक नळी ६५ सेंटिमीटर आत सरकवली. मग चालत जाऊन एक्स-रे काढला. नळीचे टोक हृदयाच्या उजव्या बाजूला पोहोचलेले दिसले.

कौतुकाऐवजी टीका वाट्याला आली. पुढे ते मूत्ररोगांकडे वळले. ते नाझी पक्षाचे सदस्य होते आणि महायुद्धात लष्करी डॉक्टर होते, हेही खरे आहे. दरम्यान अमेरिकेत आंद्रे कूर्नाँ आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी याच पद्धतीने हृदय आणि फुप्फुसातले दाब मोजले. १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळून मिळाले. फोर्समान १९७९ मध्ये वारले.

आता तुमच्या तपासण्यांकडे पाहू.

इको : दाबाचा अंदाज देते. त्रास नाही, किरणोत्सर्ग नाही, म्हणून वारंवार करता येते.

व्ही-क्यू स्कॅन : फुप्फुसाच्या कोणत्या भागात रक्त कमी पोहोचते ते दाखवतो.

सीटी अँजिओग्राफी : जुन्या गुठळ्या कुठे आहेत ते दाखवते. मूत्रपिंडाचा विकार किंवा कॉन्ट्रास्टची अॅलर्जी असल्यास आधी सांगा.

एमआरआय : हृदयाच्या उजव्या कप्प्याचा आकार आणि ताकद नेमकी मोजतो.

कॅथेटर : दाब प्रत्यक्ष आत जाऊन मोजते. सरासरी दाब २० मिलिमीटर पाऱ्यापेक्षा जास्त असेल तर तो वाढलेला मानतात.

म्हणजे एक तपासणी दुसरीची जागा घेत नाही. औषध बदलायचे की शस्त्रक्रिया करायची, अशा निर्णयाआधी अंदाजापेक्षा मोजमाप लागते. प्रत्येक तपासणीतून काय ठरणार आहे, हे डॉक्टरांना जरूर विचारा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने थांबवू नका. धाप वाढली, पाय सुजले किंवा चक्कर येऊन पडलात, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.