शेजाऱ्याच्या बोलीत सुवार्ता : फादर थॉमस स्टीफन्स यांचे जीवन



जानेवारी २०२० मध्ये आपल्या धाराशिव शहरात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्या संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला होता. शिवाय पाठीच्या दुखण्याने ते बेजार होते. तरीही ते आपल्या गावी आले आणि मराठीतील सर्वांत मोठ्या मानाच्या जागी एक कॅथलिक धर्मगुरू बसला. २५ जुलै २०२४ रोजी फादर प्रभूघरी गेले. पण धाराशिवच्या मांडवात त्यांना जी जागा मिळाली, तिच्याकडे येणारी पायवाट चारशे वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका धर्मगुरूने पाडून ठेवली होती. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. आज आपण त्यांच्याविषयी बोलू.

त्यांची आठवण काढण्याचे आणखी एक कारण आहे. रविवारी आपण मिस्साला येतो, गातो, प्रार्थना करतो. सोमवारी सकाळी मात्र एस.टी.च्या रांगेत, शेताच्या बांधावर, ऑफिसात किंवा दवाखान्यात कोणी सहज विचारले की तुमच्या देवळात काय असते हो, तर आपली जीभ अडखळते. एक भीती अशी वाटते की, समोरच्याला वाटेल हे आपला धर्म बदलायला निघाले. दुसरी भीती आपण कोणाला सांगत नाही. आपल्यालाच ते धड सांगता येणार नाही, ही ती भीती. या जिल्ह्यात आपण मूठभर आहोत. आपण गप्प राहिलो तर शेजाऱ्याला प्रभू येशूविषयी जे कळेल ते ऐकीव गोष्टींवरूनच कळेल. म्हणूनच फादर स्टीफन्स यांचे जीवन आपल्या कामाचे आहे.

नोकराच्या वेशातील तरुण

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुश्टन या गावी झाला. वडील व्यापारी होते. तेव्हा इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीचे राज्य होते आणि कॅथलिक धर्म पाळणे हा गुन्हा ठरत होता. मिस्सा लपूनछपून होई. धर्मगुरूला आसरा देणाऱ्याचे घरदार जाण्याची भीती असे.

अशा काळात थॉमस यांची मैत्री थॉमस पाऊंड नावाच्या एका श्रद्धावंत कॅथलिक सद्‌गृहस्थाशी झाली. दोघांनाही येशूसंघात जाण्याची ओढ होती. कोणाला संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स त्यांच्या घरी नोकर बनून राहिले. पुढे पाऊंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स मात्र रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी येशूसंघात दाखल झाले.

हा भाग आपण लक्षात ठेवू या. ज्यांनी पुढे आपल्या भाषेत येशूची कथा गायिली, त्यांना स्वतःच्या देशात मोकळेपणी प्रार्थना करण्याचीही मुभा नव्हती. श्रद्धेसाठी दबून राहणे काय असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

साष्टीतील चाळीस वर्षे

४ एप्रिल १५७९ रोजी त्यांचे जहाज लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. म्हणजे साडेसहा महिने समुद्रावर गेले. या प्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना पत्रातून कळवले, ते पुढे इंग्लंडमध्ये छापलेही गेले. भारतात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे.

गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि साष्टी भागात, मडगाव व रायतूरच्या परिसरात, त्यांची नेमणूक झाली. त्यानंतर अखेरपर्यंत म्हणजे सुमारे चाळीस वर्षे ते बहुतांशी गोव्यातच राहिले. लोकांचे कबुलीजबाब ऐकणे, आजाऱ्यांकडे जाणे, मुलांना धर्मशिक्षण देणे, असे एका साध्या धर्मगुरूचे त्यांचे आयुष्य होते. आपल्या धर्मग्रामात फादर जे करतात तेच.

१५८३ हे वर्ष मात्र त्यांची कसोटी पाहणारे ठरले. त्या जुलै महिन्यात साष्टीतील कुंकळ्ळी गावी फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. या पाच जणांना ख्रिस्तसभेने १८९३ मध्ये धन्यवादित म्हणून गौरवले. त्यांचे मृतदेह परत मिळवण्याच्या दुःखद कामात फादर स्टीफन्स होते. येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याआधी पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती, त्याचा राग लोकांच्या मनात धुमसत होता. आणि या घटनेनंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांतील प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने बोलावून ठार केले. सत्तेच्या जोरावर धर्म नेला की दोन्हीकडे रक्त सांडते, हे फादर स्टीफन्स यांच्या डोळ्यांसमोर घडले.

त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडमधील आपल्या भावाला पत्र लिहिले. या देशातील भाषांचे ग्रीक आणि लॅटिन भाषांशी नाते दिसते, असे निरीक्षण त्यात आहे. भाषापंडितांनी ही गोष्ट सिद्ध करण्याआधी दोनशे वर्षे एका धर्मगुरूच्या कानाने ती टिपली होती. आपले गुरुबंधू जेथे मारले गेले तेथील लोकांच्या भाषेकडे ते पाठ फिरवू शकत होते. त्यांनी ती भाषा जिवाला लावून घेतली.

वर्षअखेरीस आणखी एक प्रसंग आला. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि त्यांचे सोबती हे इंग्रज व्यापारी गोव्यात हेर असल्याच्या संशयावरून तुरुंगात पडले. ज्या राज्यातून फादरांना श्रद्धेसाठी बाहेर पडावे लागले, त्याच राज्याचे हे प्रजाजन. तरीही फादर स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि त्यांना जामीन मिळवून देण्यास मदत केली. येशूची शिकवण तोंडाने सांगण्याआधी ती अशी हातांनी सांगता येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागातील ढिगाऱ्यांत ज्यांनी जातधर्म न विचारता हात घातला, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

एका रविवारच्या प्रश्नातून

फादर स्टीफन्स यांचा महान ग्रंथ म्हणजे ख्रिस्तपुराण. तो १६१६ मध्ये रायतूर येथे छापून निघाला. म्हणजे गोव्यात पाऊल ठेवल्यावर सदतीस वर्षांनी. जवळजवळ ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा येते, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचल्या असतील.

हा ग्रंथ का लिहिला, याची हकिकत ग्रंथाच्या सुरुवातीलाच आली आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग संपला होता. तेव्हा एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने पाद्रींपुढे आपली अडचण मांडली. तिचा आशय असा की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, रोजच्या प्रार्थना आम्हाला शिकवल्यात, पण मन रमेल आणि चार लोकांत बसून ऐकता येईल असे काही आमच्या हाती नाही. मग आमच्यासाठी नवे पुराण का होऊ नये? मराठी ख्रिस्ती साहित्याचा हा पहिला मोठा ग्रंथ एका प्रापंचिकाच्या प्रश्नातून जन्मला. फादरांनी त्याला गप्प बसवले नाही. त्यांनी त्याचे म्हणणे ऐकून घेतले.

आणि उत्तर कसे दिले? ओवीत. ज्या ओवीत ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि आपल्या आयाआज्यांनी जात्यावर दळण दळले, त्याच ओवीत. फादर स्टीफन्स गोव्यात भाषा शिकत होते, तेव्हा पैठणला संत एकनाथ हयात होते. संतांची मराठी फादरांनी अभ्यासली आणि लोकांना सहज समजावे म्हणून तिच्यात कोकणी बोलीचे शब्द मिसळले. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले आणि येशूला स्वामी म्हटले. ऐकणाऱ्याला परके वाटू नये, येशू आपल्याच अंगणात आला आहे असे वाटावे, हा त्यामागचा भाव.

ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला, कारण आपल्या लिपीचे खिळे तेथे नव्हते. ते पाडण्याची परवानगी फादरांनी १६०८ मध्ये रोमला पत्र लिहून मागितली होती. जोडाक्षरे धरून शेकडो साचे लागणार होते, त्यामुळे ते काम त्यांच्या हयातीत झाले नाही. १६१९ मध्ये वयाच्या सत्तरीच्या आसपास ते प्रभूघरी गेले. कोकणीतील त्यांचे धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ मध्ये आणि कोकणीचे पहिले छापील व्याकरण १६४० मध्ये, म्हणजे दोन्ही त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाली.

सत्ता गेली, ओवी राहिली

ख्रिस्तपुराण चर्चमध्ये रविवारी व सणांच्या दिवशी वाचले जाई, घरोघरी गायिले जाई. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. लोकभाषेतील ग्रंथांना ओहोटी लागली. पहिल्या तिन्ही आवृत्तींची एकही प्रत आज सापडत नाही.

तरीही ग्रंथ मेला नाही. गोव्यातून कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो हाताने उतरवून घेतला आणि जपला. १७८४ पासून १७९९ पर्यंत टिपू सुलतानाच्या कैदेत असलेल्या मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना याच ओव्यांनी धीर दिला, असे तेथील परंपरा सांगते. धर्मगुरू नव्हते, चर्च नव्हते, मिस्सा नव्हती. पाठ असलेली ओवी तेवढी होती. १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला आणि १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांच्या प्रयत्नाने देवनागरीत आला. फादरांची राहून गेलेली इच्छा अशी ३४० वर्षांनी पुरी झाली.

बंधुभगिनींनो, ज्या पोर्तुगीज राजवटीने जोरजबरदस्ती केली ती आज नाही. तिच्या तोफा गंजल्या. ज्याने शेजाऱ्याची भाषा शिकून प्रेमाने कथा सांगितली, त्याची ओवी शिल्लक आहे. हे वाचताना फादर स्टीफन्स यांना आपण डाग नसलेला देवदूत करू नये. तेही त्या राजवटीच्या सावलीत राहिले आणि येथील देवदेवतांविषयीचे त्या काळचे कठोर शब्द त्यांच्या ग्रंथातही आहेत. ते आज आपण उच्चारणार नाही. घ्यायचे आहे ते त्यांचे ऐकणे, शिकणे आणि थांबणे.

आपण काय करावे?

आपल्याला ११ हजार ओव्या लिहायच्या नाहीत. पण तीन गोष्टी आपण करू शकतो. पहिली, शेजाऱ्याला ओळखणे. आपल्या तेर गावी गोरोबाकाकांनी चिखल तुडवता तुडवता नाम घेतले. काम आणि भक्ती एकच, ही गोष्ट या मातीला नवी नाही. शेजाऱ्याच्या श्रद्धेतील चांगले आपण आदराने ऐकले, तर आपले चार शब्द तोही ऐकेल.

दुसरी, विचारणाऱ्याला उत्तर देणे. संत पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात हीच शिकवण दिली आहे की, आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यपणे व आदराने उत्तर द्यायला तयार असावे. उत्तर लांबलचक नको. आजारपणात प्रार्थनेने मला कसा धीर आला, भावाशी अबोला होता तो मी कसा सोडला, एवढेही पुरे. मन वळवणे हे आपले काम नाही, ते परमेश्वराचे.

तिसरी, घरातल्या मुलांना येशूची कथा मराठीत, आपल्या शब्दांत सांगणे. कैदेतल्या मंगळूरकरांजवळ जे होते ते त्यांना घरातूनच मिळाले होते. आपली मुले उद्या पुण्या-मुंबईला शिकायला, कामाला जातील. तेथे त्यांच्या खोलीत कोणी विचारले तर सांगायला त्यांच्याजवळ काय असेल, हे आज आपल्या ओसरीवर ठरते.

या आठवड्यात रोज संध्याकाळी शुभवर्तमानातील एक प्रसंग घरी वाचू या आणि मग पुस्तक मिटून तो एकमेकांना साध्या बोलीत सांगू या. सांगताना कोठे अडखळलो तर लाजायचे कारण नाही. फादर स्टीफन्स यांनाही सदतीस वर्षे लागली होती.

हे प्रभू येशू, आम्हाला ऐकणारे कान दे आणि विचारणाऱ्यासाठी गोड शब्द दे. आमेन.