नवा ट्यूब अँप्लिफायर आणि अब्दुल करीम खाँ: वॉल्व्हने वाचवलेल्या आवाजाची गोष्ट

जव्हारच्या आमच्या घरात गेल्या आठवड्यात एक छोटा ट्यूब अँप्लिफायर आला. एका चॅनलला जेमतेम 5 वॅट. मोखाड्याहून आलेल्या मावसभावाला हा आकडाच पटेना, कारण त्याचा ब्लूटूथ स्पीकर 20 वॅटचा आहे. त्यात सुरू केल्यावर मिनिटभर काहीच वाजलं नाही. ट्यूब, म्हणजे आपल्या आजोबांच्या भाषेत वॉल्व्ह, आधी तापावा लागतो. मग आला तो नुसता घूंऽऽ असा आवाज. घरातल्या त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. दुसऱ्या खोलीतल्या नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटला प्लग लावला, तेव्हा घूं थांबलं.

पहिलं काय लावायचं, हे मी आधीच ठरवलं होतं: उस्ताद अब्दुल करीम खाँ. कारण त्यांच्या रेकॉर्ड वॉल्व्हच्या आधीच्याही आहेत आणि नंतरच्याही.

कैराना ते मिरज

खाँसाहेबांचा जन्म 1872 सालचा, आजच्या उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. या गावावरूनच किराणा घराणं हे नाव पडलं. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायले. तिथेच ताराबाई माने भेटल्या आणि दोघांनी बडोदा सोडून महाराष्ट्राची वाट धरली. पुढे 1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर म्हणजेच सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी.

मला आवडतो तो त्यांच्यातला तंत्रज्ञ. तंबोरा जुळवण्यात आणि वाद्यं दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारे कमी होते. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 22 श्रुतींवर जे प्रयोग केले, त्यात खाँसाहेबांनी त्यांना साथ दिली. म्हणजे दोन स्वरांमधलं बारीक अंतर नेमकं किती, हे मोजायला त्यांचा गळा उपयोगी पडला.

भोंग्यासमोरचं गाणं

1905 च्या सुमारास त्यांच्या पहिल्या रेकॉर्ड निघाल्या. तेव्हा माईक नव्हता. गायक एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून गायचा. आवाजाच्या दाबाने पडदा हलायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर खाच कोरायची. वीज कुठेच नाही. आपला तारपा आठवा. त्याच्या टोकाला ताडाच्या पानांचा भोंगा असतो आणि त्यातून आवाज बाहेर पसरतो. इथे भोंगा उलटा, आवाज गोळा करणारा.

अडचण अशी की सुई हलवायची सगळी ताकद गायकाच्या फुप्फुसातून यायची. खणखणीत गाणाऱ्याचं ठीक. पण खाँसाहेबांचा आवाज नाजूक, आणि एकेक स्वर हळुवार लांबवणं हीच त्यांची खासियत. साधारण 250 हर्ट्झच्या खालचं आणि 2,500 हर्ट्झच्या वरचं बरंचसं त्या भोंग्यात हरवायचं. तंबोरा तर जवळपास गायबच.

वॉल्व्हने काय बदललं?

1906 साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी काचेच्या नळीत तीन भाग बसवले. एक तापणारी तार, एक पत्रा आणि दोघांच्या मध्ये जाळी. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पत्र्याकडे धावतात. जाळीवर छोटासा सिग्नल दिला की त्या मोठ्या प्रवाहाचा नळ उघडतो, मिटतो. छोट्या सिग्नलची हुबेहूब मोठी प्रत तयार! तुमच्या फोनमधले कोट्यवधी ट्रान्झिस्टर छोट्या सिग्नलने मोठा प्रवाह आवरायचं हेच काम वेगळ्या पद्धतीने करतात.

1925 पासून रेकॉर्डिंगमध्ये माईक आणि वॉल्व्ह अँप्लिफायर आले. आता सुईला ताकद वीज देऊ लागली. गायकाने फक्त गायचं.

खाँसाहेबांसाठी हे जवळपास उशिराच झालं. 1922 साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या होत्या. त्याच मुलांतल्या हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने पुढे मोठे गायक झाले. खाँसाहेब मिरजेत राहू लागले. साठी ओलांडल्यावर, 1930 च्या दशकात, त्यांनी ओडियन कंपनीसाठी पुन्हा रेकॉर्ड केल्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. त्यातली झिंझोटीतली ठुमरी ऐकून लहानगा भीमसेन गाण्यासाठी वेडा झाला.

27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांना अस्वस्थ वाटू लागलं. ते सिंगपेरुमल कोइल स्टेशनवर उतरले आणि तिथेच गेले. दफन मिरजेच्या दर्ग्यात झालं. म्हणजे वॉल्व्हच्या माईकसमोर त्यांना मोजकीच वर्षं मिळाली. भास्करबुवा बखले 1922 साली गेले, त्यांचा आवाज आज ऐकायलाच मिळत नाही.

मग मला काय ऐकू आलं?

आधी 1905 ची रेकॉर्ड लावली. आवाज ओळखू येतो, पण भिंतीपलीकडून आल्यासारखा. मग झिंझोटी लावली. खरखर तेवढीच, पण मागे तंबोरा आहे! स्वर संपताना श्वास कुठे सुटतो, तेही कळतं. मधल्या तीस वर्षांत वयाने आवाज बदलला असेलच, पण तंबोरा काही वयामुळे परत आला नाही.

आता खरं सांगतो. हीच दोन्ही गाणी मी फोनला चांगले इअरफोन लावूनही ऐकली आणि हा फरक तिथेही तसाच कळला. माझ्या नव्या अँप्लिफायरने गाण्यात नवीन माहिती घातली नाही. ट्यूब मूळ स्वरात त्याच्याच दुप्पट कंपनांचा किंचित अंश मिसळते, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. म्हणून आवाज थोडा भरीव वाटतो. छान वाटतं, पण तेवढंच. खरं काम केलं ते रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या वॉल्व्हने, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी आज रात्री इअरफोन लावा आणि त्यांची एक 1905 ची, एक 1930 च्या दशकातली रेकॉर्ड लागोपाठ ऐका. आणि ट्यूब अँप्लिफायर घेतलाच, तर आधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या. आत 250 व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो, तेव्हा झाकण स्वतः उघडू नका.

मावसभाऊ निघताना 5 वॅटबद्दल काही बोलला नाही. फक्त झिंझोटीची लिंक मागून घेतली.