मिरजोळीचे हमीद दलवाई : सात बायकांचा मोर्चा

चिपळूण तालुक्यातल्या मिरजोळी गावात १९३२ साली हमीद दलवाई जन्मले. 'इंधन' कादंबरीमुळे लेखक म्हणून नाव झालं. पण आज त्यांची आठवण निघते ती तलाकच्या विषयावर.

१८ एप्रिल १९६६ ला मुंबईत कौन्सिल हॉलवर एक मोर्चा गेला. बायका किती? सात! त्यात त्यांची पत्नी मेहरुन्निसाभाभीही होत्या. मागणी होती की तोंडी तलाक आणि चार बायकांची मुभा बंद करा, सगळ्यांना एक कायदा लावा. आजही गावात नवऱ्याविरुद्ध तोंड उघडायला बाई दहा वेळा विचार करते, मग तेव्हा त्या सातजणींनी काय सोसलं असेल!

दलवाईंनी हे आधी घरात करून दाखवलं होतं. १९५६ मध्ये निकाह झाला आणि त्यानंतर विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीही केली. हा कायदा १९५४ चा, कुठल्याही धर्माच्या माणसाला खुला. त्यात नोंद झाली की तोंडी तलाक चालत नाही, घटस्फोटाला कोर्टातच जावं लागतं. दुसरं लग्न करता येत नाही. वारसाहक्कही देशाच्या कायद्याने ठरतो. म्हणजे निकाह सोडायची गरज नाही, नोंदणी मात्र हवी. ही वाट आजही उघडी आहे, पण गावाकडे फार कुणाला ठाऊक नसते.

२२ मार्च १९७० ला पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. नाव अर्थातच जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजावरून. समाजातून खूप विरोध झाला, धर्मबुडवा ठरवलं गेलं. दुसरीकडे हिंदुत्ववाल्यांनी टाळ्या वाजवल्या, पण दलवाईंनी त्यांनाही सोडलं नाही. त्यामुळे दोन्हीकडचे नाराज.

किडनीच्या आजाराने ३ मे १९७७ ला ते गेले. वय जेमतेम ४४. धार्मिक विधी नको, दहन करा, असं सांगून ठेवलं होतं, तसंच झालं.

पुढे मंडळाचं काम भाभींनी चालवलं. जून २०१७ मध्ये त्या वारल्या आणि त्याच वर्षी २२ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत कैद. मोर्चातल्या दुसऱ्या मागणीला, म्हणजे नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाला, या कायद्याने हात लावलेला नाही.