रविवारची सुटी मागणारा माणूस



रविवारी मिस्सानंतर जेवून माझा डोळा लागतो. कोणी दार वाजवले की मी घाईने उठून हातात वही धरतो. झोपलो होतो हे सांगायची लाज वाटते. तुमचेही असे होत असेल. अशा वेळी मला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात.

ते १८४८ साली जन्मले. महात्मा फुल्यांचे ते सहकारी, ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक. त्याआधी मुंबईच्या एका गिरणीत नोकरीला असताना त्यांनी कामगारांचे हाल पाहिले. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम, आणि सुटीच्या दिवशीही यंत्रे पुसायला हजेरी! अचलपुरात गिरणीचा भोंगा ऐकलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

१८८४ साली त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारकडे दिले. त्यात आठवड्याला एक दिवस सुटी मागितली होती. दया म्हणून नव्हे, कामाइतकाच विसावाही माणसाच्या हक्काचा म्हणून. सहा वर्षे दाद लागली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगार सभेला जमले, दोन स्त्रियाही बोलल्या. (घरी गेल्यावर त्यांना चूल होतीच.) १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

१८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांसाठी धावपळ करताना लोखंडे स्वतःच त्या रोगाने गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

आज दुपारी दोन ते चार मी झोपलेला असेन. घरी कोणी आजारी असेल तर मात्र दार केव्हाही वाजवा.

– तुमचे फादर