वेर्नर हायझेनबर्ग

वेर्नर कार्ल हायझेनबर्ग (५ डिसेंबर १९०१ – १ फेब्रुवारी १९७६) हे जर्मन सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ व पुंजयामिकीचे एक प्रवर्तक होते. अनिश्चिततेचे तत्त्व त्यांच्या नावाने ओळखले जाते. शोधू जाताच नाहीशा होणाऱ्या संगणकीय दोषालाही त्यांच्यावरूनच ‘हायझेनबग’ हे नाव पडले आहे.

जन्म व शिक्षण

हायझेनबर्ग यांचा जन्म व्युर्त्सबुर्ग येथे झाला. त्यांचे वडील ऑगस्ट हे ग्रीक भाषेचे अभ्यासक होते. म्युनिक येथे आर्नोल्ड सोमरफेल्ड यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९२३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. तोंडी परीक्षेत विल्हेल्म वीन यांनी सूक्ष्मदर्शकाच्या विभेदनक्षमतेविषयी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांना देता आली नाहीत व ते कसेबसे उत्तीर्ण झाले.

संशोधन

जून १९२५ मध्ये परागज्वरामुळे ते हेल्गोलँड बेटावर गेले असता तेथे त्यांना पुंजयामिकीची नवी मांडणी सुचली. माक्स बोर्न व पास्कुआल योर्डान यांच्या साहाय्याने तिला आव्यूहांचे गणिती रूप मिळाले. १९२७ मध्ये कोपनहेगन येथे त्यांनी अनिश्चिततेचे तत्त्व मांडले. त्यासाठी योजलेल्या गॅमा किरण सूक्ष्मदर्शकाच्या काल्पनिक प्रयोगातील उणीव नील्स बोर यांनी दाखवून दिली. ती पुन्हा विभेदनक्षमतेशीच निगडित होती. १९२९ च्या भारतभेटीत ते रवींद्रनाथ टागोरांना भेटले. १९३२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

युद्धकाळ व उत्तरायुष्य

आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताचा पुरस्कार केल्याबद्दल १९३७ मध्ये नाझी वृत्तपत्रातून त्यांच्यावर कठोर टीका झाली. तथापि दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या युरेनियम संशोधनात त्यांनी प्रमुख भाग घेतला. त्यामागील त्यांच्या हेतूंविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. १९४५ मध्ये ते इंग्लंडमधील फार्म हॉल येथे स्थानबद्ध होते. पुढे ते माक्स प्लांक भौतिकी संस्थेचे संचालक झाले. म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

हायझेनबग

प्रोग्राममधील दोष शोधण्यासाठी मधली मूल्ये छापणारी एखादी ओळ घातली जाते. कधी ती ओळ असेतो प्रोग्राम सुरळीत चालतो आणि काढताच पुन्हा बिघडतो. अशा दोषांना हे नाव मिळाले. जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये, दर वेळी हमखास प्रकट होणाऱ्या दोषांना बोर यांच्यावरून ‘बोरबग’ म्हणून त्यांपासून वेगळे दाखवले. छपाईला वेळ लागत असल्याने एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांचा क्रम बदलतो. काही वेळा स्मृतीतील मांडणी बदलून, आरंभिक मूल्य न दिलेल्या चलात निराळी संख्या येते. म्हणजे छपाईची ओळ दोष दूर करीत नाही, केवळ झाकते.

हे नामसाम्य मात्र सैल आहे. अनिश्चितता केवळ मापनाच्या व्यत्ययातून उद्भवत नाही. ती निसर्गाचीच मर्यादा आहे. हायझेनबगला निश्चित कारण असते व चिकाटीने ते सापडू शकते.