भगतसिंग थिंड : एका नागरिकत्वाचे तीन अर्ज

भगतसिंग हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे लाहोरचा तुरुंग आणि फास उभा राहतो. परंतु मला ज्यांच्याविषयी लिहावयाचे आहे ते भगतसिंग निराळे. त्यांची सारी झुंज कोर्टात झाली, आणि तीही एका अर्जापायी.

भगतसिंग थिंड यांचा जन्म १८९२ साली अमृतसर जिल्ह्यात एका शीख कुटुंबात झाला. अमृतसरच्या खालसा कॉलेजात शिकून ते १९१३ मध्ये अमेरिकेस गेले आणि ओरेगॉन राज्यात लाकूड कापण्याच्या कारखान्यांत राबू लागले. पहिले महायुद्ध चालू असताना, जुलै १९१८ मध्ये, ते अमेरिकन सैन्यात दाखल झाले. डोक्यावरची पगडी त्यांनी तेथेही उतरविली नाही. ९ डिसेंबर १९१८ रोजी अंगावर लष्करी गणवेश असतानाच त्यांना नागरिकत्व मिळाले, आणि चारच दिवसांनी ते काढूनही घेण्यात आले. कारण एकच : अर्जदार गोरा नाही.

येथे थोडे कायद्याविषयी सांगावयास हवे. अमेरिकेने १७९० साली नियम केला होता की परदेशी माणसांपैकी फक्त स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीलाच नागरिक होता येईल. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना ही वाट मोकळी झाली. आशियातल्या माणसाला मात्र नाही. नागरिक होण्याचा हेतू जाहीर करण्याच्या छापील कागदावर उंची, वजन, केसांचा आणि डोळ्यांचा रंग यांच्याबरोबरच माणसाचा वर्णही लिहावा लागे. आपण अराजकवादी नाही, बहुपत्नीकत्व मानीत नाही, हेही द्यावे लागे. आणि हिंदी माणसाला आपण पंचम जॉर्ज बादशहाची निष्ठा कायमची सोडू इच्छितो, असे लिहून द्यावे लागे. हेच वाक्य त्या काळी अमृतसरच्या चौकात कोणी मोठ्याने म्हटले असते तर त्याची रवानगी थेट तुरुंगात झाली असती!

आमच्या घरातले, किंबहुना आमच्या आळीतलेही, सगळे अर्ज मीच भरतो. कारण कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला. रकान्यापुढची रिकामी जागा किती जड असते हे मला ठाऊक आहे. म्हणूनच थिंड यांची कथा मी एकदा वाचून बाजूला ठेवू शकलो नाही.

थिंड यांनी ओरेगॉनमध्ये दुसरा अर्ज केला. गदर चळवळीच्या लोकांशी त्यांचा संबंध आहे असे सांगून सरकारी खात्याने विरोध केला, तरी १९२० मध्ये न्यायाधीश वुल्व्हर्टन यांनी त्यांना नागरिक केले. खाते वर गेले आणि प्रकरण वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टात पोहोचले. तेथे थिंड यांची बाजू लढविली सखाराम गणेश पंडित या वकिलांनी. नाव मराठी वळणाचे, जन्म गुजरातेतला. ते स्वतः १९१४ मध्येच अमेरिकन नागरिक झालेले होते.

थिंड यांच्या बाजूने मांडण्यात आलेला युक्तिवाद मला खटकतो, आणि तो झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. रंगावरून माणूस ठरवू नका, असे त्यात नव्हते. आम्ही उच्च जातीचे, आर्य, म्हणून कॉकेशियन, म्हणून गोरे, असे होते. एवढेच नव्हे, तर गोरा अमेरिकन जसा निग्रोशी सोयरीक करीत नाही तसाच उच्चवर्णीय हिंदी माणूस येथल्या आदिवासींशी करीत नाही, हेही पुरावा म्हणून पुढे केले होते. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाने आत येण्यासाठी आपल्याही घराला असेच दार आहे, हे सांगावे! कायद्यात दुसरी फट नव्हती, हे खरे. तरीही जातीचा रकाना भरणाऱ्या माझ्यासारख्याला तेथे थांबावेसे वाटते.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी तो लिहिला. हे गृहस्थ स्वतः इंग्लंडात जन्मलेले! तीनच महिन्यांपूर्वी ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला त्यांनी गोरा म्हणजे कॉकेशियन, असे सांगून परत पाठविले होते. आता थिंड शास्त्राप्रमाणे कॉकेशियन ठरत होते, तेव्हा शास्त्र बाजूला ठेवून सामान्य अमेरिकन माणसाची समजूत प्रमाण मानली गेली. कोर्टात एकही विरोधी मत पडले नाही.

पुढे सरकारने आधीच नागरिक झालेल्या अनेक हिंदी लोकांची नागरिकत्वे रद्द करविली. कॅलिफोर्नियात नागरिकत्वास अपात्र माणसाला शेतजमीन घेता येत नसे. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई यांनी नागरिकत्व गेल्यावर १९२८ मध्ये आत्महत्या केली. पंडितांवरही खटला झाला. ते स्वतःसाठी उभे राहिले, १९२६ मध्ये जिंकले, आणि त्यानंतर ही मोहीम थंडावली.

थिंड अमेरिकेतच राहिले. गावोगावी अध्यात्मावर व्याख्याने देऊन त्यांनी आयुष्य काढले. १९३५ मध्ये पहिल्या महायुद्धातील सैनिकांसाठी नवा कायदा झाला, आणि १९३६ मध्ये त्यांना न्यूयॉर्कमध्ये नागरिकत्व मिळाले. हा तिसरा अर्ज. वर्ण तोच, पगडी तीच. इतर हिंदी लोकांना १९४६ पर्यंत थांबावे लागले. १५ सप्टेंबर १९६७ रोजी लॉस एंजेलिस येथे थिंड वारले, अमेरिकन नागरिक म्हणून.