ॲडमिरल बाई

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर काय चालतं हे नव्याने सांगायला नको. ब्लॅक बुक बाइंडिंगला द्यायचं असतं, प्रोजेक्ट कसाबसा रन होत असतो आणि तेवढ्यात कुणाला तरी आठवतं की गाइडनी कोडचं डॉक्युमेंटेशन मागितलंय. आमच्याही ग्रुपला हे रात्री दोनला आठवलं. एकाने तोडगा काढला. जावाडॉक चालवलं, एंटर मारला, पाच सेकंदांत शंभरावर पानं तयार. निळ्या लिंक, क्लासची नावं, मेथडची नावं, सगळं कसं झकास! फक्त प्रत्येक नावापुढे जागा मोकळी होती. कारण जावाडॉक स्वतःच्या डोक्याने काही लिहीत नाही. कोडमध्ये स्लॅश आणि दोन स्टार टाकून आपण जी कॉमेंट लिहितो, ॲट-पॅराम, ॲट-रिटर्न वगैरे देऊन, ती उचलून ते नीट मांडून देतं. आम्ही कॉमेंट लिहिल्याच नव्हत्या, तर ते बिचारं उचलणार काय? व्हायवाला एक्स्टर्नलनी एका मेथडवर बोट ठेवलं आणि ती मीच लिहिलेली असूनही मला सांगता आली नाही. पुढचं सोडा.

त्या सुट्टीत एका बाईंचं चरित्र हाती आलं. तोवर ग्रेस हॉपर म्हणजे कोबोल आणि कॉम्प्युटरात सापडलेला किडा, एवढंच मला ठाऊक होतं. किड्याचं आधी उरकून टाकतो. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू मशीनच्या रिलेत पतंग सापडला आणि तो लॉगबुकात चिकटवला गेला हे खरं. पण तो बाईंनी शोधलेला नव्हता, त्या फक्त ती गोष्ट रंगवून सांगायच्या. आणि बग हा शब्द तर एडिसनच्या काळापासून इंजिनिअरांच्या तोंडी होता.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ कसं चालतं हे पाहायला तिने ते खोललं. जुळेना, म्हणून दुसरं खोललं. अशी घरातली सात घड्याळं खोलून झाल्यावर आईच्या लक्षात आलं. मारझोड झाली नाही, यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे एवढं ठरलं! (आमच्या घरी काय झालं असतं ते विचारू नका.) पुढे व्हासर कॉलेजात गणित आणि फिजिक्स, १९३४ मध्ये येलची गणितातली पीएच.डी., आणि १९३१ पासून व्हासरमध्येच शिकवणं. म्हणजे त्या मूळच्या आपल्या भाषेतल्या बाई, फळ्यापुढच्या.

अमेरिका युद्धात उतरली आणि त्यांनी नौदलात जायचं मनावर घेतलं. नौदलाला त्या नको होत्या. वय जास्त, वजन नियमापेक्षा पंधरा पौंड कमी, शिवाय गणिताचे प्राध्यापक मागेच राहून शिकवायला हवेत असा सरकारी हिशेब. बाईंनी पिच्छा सोडला नाही. डिसेंबर १९४३ मध्ये भरती झाल्या, ट्रेनिंगमध्ये पहिल्या आल्या आणि जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक झाली हार्वर्डला, हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली.

तिथे मार्क वन होतं. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, सेकंदाला तीन बेरजा, एका गुणाकाराला सहाएक सेकंद. आज हसू येतं, पण त्या वेळी युद्धाचं गणित त्यावर चाले. प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेली कागदी पट्टी. एकन यांनी नव्या बाईंना मशीन दाखवलं आणि आर्कटॅन्जंटच्या इंटरपोलेशनचे कोएफिशंट पुढच्या गुरुवारपर्यंत हवेत असं सांगून टाकलं. मशीन कसं चालवायचं याचं पुस्तक नव्हतं. होती ती सर्किटची ड्रॉइंग्ज आणि रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल ही दोन तरुण माणसं, ज्यांच्या डोक्यात सगळं होतं. ज्युनिअरला सीनिअरच्या रूमवर जाऊन विचारावं लागतं तशातला प्रकार. सीनिअर पासआउट झाला की संपलं.

मग एके दिवशी एकन यांनी बाईंना मशीनचं पुस्तक लिहायला सांगितलं. आपण कधी पुस्तक लिहिलेलं नाही, हे बाईंचं म्हणणं. तुम्ही आता नौदलात आहात, हे त्यावर एकन यांचं उत्तर. विषय संपला. दिवसा मशीनचं काम, त्यातून वेळ काढून लिहिणं, आणि रोज लिहिलेली चारपाच पानं साहेबांना वाचून दाखवणं. खटकलं की पुन्हा लिहायचं. १९४६ मध्ये ते छापून आलं : ५६१ पानं. सुरुवातीला गणनयंत्रांचा इतिहास, पास्कल, लायब्नित्झ, बॅबेज. मग मशीनचं वर्णन, सर्किट, कोडिंग, वायर कुठे खोचायच्या ते, आणि सोडवलेली उदाहरणं. आपल्याकडच्या मॅन्युअलसारखं नाही, वाचणाऱ्याला खरंच काम करता यावं असं. मार्क वन १९५९ मध्ये बंद झालं आणि सुटं करून वाटलं गेलं. ते कसं विचार करायचं हे आज कळतं ते बरंचसं या पुस्तकामुळे.

पण माझ्या मते खरी गंमत त्यांच्या वह्यांत आहे. साइन काढायचा तुकडा, वर्गमुळाचा तुकडा, असा एकदा बरोबर चाललेला कोड ती मंडळी वहीत उतरवून ठेवत आणि गरज पडली की एकमेकांच्या वहीतून कॉपी करत. (होय, कॉपी. जगातले पहिले प्रोग्रॅमरही तेच करत होते.) कॉपी करताना घोळ व्हायचे. तुकडा नव्या जागी बसवायचा तर प्रत्येक पत्त्यात तेवढी बेरीज करावी लागे आणि हुशार माणसं साध्या बेरजा चुकत. पुढे युनिव्हॅकवर काम करताना आणखी प्रकार दिसले. मोकळ्या जागेसाठी डेल्टा काढायचे, घाईत तो ४ सारखा दिसे. बी चा तेरा होई. बाईंच्या डोक्यात आलं की न चुकता उतरवणं आणि बेरीज करणं यासाठी तर आपण मशीन बांधलंय, मग ही कामं माणसं का करतायत?

हे सगळं सरळ रेषेत झालं नाही. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. १९४९ मध्ये हार्वर्डची मुदत संपली आणि तिथे बाईमाणसाला कायमची जागा मिळण्याची आशा नव्हती. युद्धाच्या काळात जडलेली दारू वाढली होती, त्यावरून पोलिसांपर्यंत प्रकरण गेलं. मित्रांनी खडसावलं, आधारही दिला. त्यातून त्या सावरल्या. चरित्रातला हा भाग मी दोनदा वाचला, कारण मोठ्या माणसांची पडझड आपल्याला सहसा कुणी सांगत नाही.

त्याच वर्षी त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या होत्या. तिथे १९५२ मध्ये त्यांनी ए-झिरो केलं. प्रत्येक तुकड्याला एक नंबर, सगळे तुकडे टेपवर. आपण नंबर लिहायचे, मशीन तुकडे शोधून, पत्ते दुरुस्त करून, जोडून प्रोग्रॅम तयार करणार. त्यांनी याला कंपायलर म्हटलं; आज आपण लिंकर-लोडर म्हणू. लोकांना पटेना. कॉम्प्युटर आकडेमोड करतो, प्रोग्रॅम कसा लिहील?

मग पुढची उडी. धंद्यातल्या लोकांना गणिताची चिन्हं नको असतात, म्हणून प्रोग्रॅम साध्या इंग्रजी शब्दांत लिहू द्यावा. कॉम्प्युटरला इंग्रजी कळत नाही असं उत्तर आलं. बाईंनी छोटा नमुना करून दाखवला आणि तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. मशीनला काय, सगळे शब्द सारखेच. पण साहेब लोक दचकले. अमेरिकन कॉम्प्युटरला फ्रेंच, जर्मन कसं समजेल! त्यानंतर कित्येक महिने फक्त इंग्रजीच चालेल अशी समजूत घालावी लागली. हे वाचताना मला राहून राहून वाटलं, मराठीत चालला असता का? चाललाच असता. मागणारं कुणी नव्हतं, एवढंच.

त्यातून आलं फ्लोमॅटिक, आणि त्यावरून पुष्कळसं घेऊन १९५९-६० मध्ये एका समितीने कोबोल बनवलं. बाई त्यात सल्लागार होत्या, प्रत्यक्ष लिहिणाऱ्यांत नव्हत्या. त्यांना कोबोलची आई म्हणतात ते समितीत राबलेल्या जीन सॅमेट यांना मान्य नव्हतं, आणि ते रास्तही आहे. पण कोबोलचा प्रोग्रॅम सुरू कसा होतो पाहा. पहिला भाग आयडेंटिफिकेशन डिव्हिजन. प्रोग्रॅमचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, लिहिल्याची तारीख आणि रिमार्क्स, म्हणजे हा प्रोग्रॅम कशासाठी आहे ते. कंपायलर रिमार्क्सचं मशीन कोड करत नसे, पण लिस्टिंगमध्ये छापत असे. एकाच मजकुराचे दोन वाचक, मशीन आणि माणूस. जावाडॉकचं बीज मला इथे दिसतं. पुढच्या स्टँडर्डमध्ये रिमार्क्स गेलं, कॉमेंटची वेगळी ओळ आली.

एक गोष्ट मात्र साधली नाही. कोड इंग्रजीसारखा वाचता आला की वेगळं समजावून सांगायची गरज उरणार नाही, अशी तेव्हा अनेकांची आशा होती. ओळ काय करते ते कळतं हो, पण का करते ते ओळीत नसतं. व्हायवात मी नेमका तिथेच अडकलो होतो.

१९६६ अखेर नौदलाने त्यांना वयामुळे निवृत्त केलं. सात महिन्यांत परत बोलावलं, सहा महिन्यांसाठी, कारण नौदलातल्या प्रत्येक ठिकाणी कोबोल वेगळं झालं होतं आणि ते एकसारखं करायला दुसरं कुणी सापडेना. ते सहा महिने एकोणीस वर्षं चालले. ऑफिसात उलटं फिरणारं घड्याळ लावायच्या. व्याख्यानांत सुमारे ३० सेंटिमीटरचे वायरचे तुकडे वाटायच्या, एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाते म्हणून. १४ ऑगस्ट १९८६ ला रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या तेव्हा वय होतं ७९. लगेच डिजिटल इक्विपमेंट कंपनीत नोकरी धरली.

३१ डिसेंबर १९९९ ची रात्र बघायची त्यांची फार इच्छा होती. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या. त्या रात्री जगभर लोक जागे होते ते मात्र बरंचसं कोबोलमुळे. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं, लिहिणारे केव्हाच निघून गेलेले, आणि कुठल्या ओळीत तारीख दडली आहे याची नोंद क्वचितच. नव्वदच्या दशकात ते शोधायचं काम भारतात मोठ्या प्रमाणावर आलं. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत कितीतरी मराठी पोरं दुसऱ्याच्या कोडमधल्या एकेका ओळीवर बोट ठेवत हे कुणी, कशासाठी लिहिलंय ते हुडकत बसली होती.